संमोहनोपचार: गोड बोलणे पुरेसे नाही

१७८४ साली फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने फ्रान्झ अँटन मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची शहानिशा करण्यासाठी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये, खगोलशास्त्रज्ञ बायी अशी बडी मंडळी तिच्यात होती. मेस्मरचे म्हणणे असे, की साऱ्या सृष्टीत एक सूक्ष्म द्रव भरून राहिला आहे, त्याचा प्रवाह अडला की आजार होतो आणि तो प्रवाह पुन्हा मोकळा करण्याची शक्ती उपचार करणाऱ्याच्या हातात असते. मेस्मर स्वतः समितीसमोर आला नाही. त्याचा शिष्य देस्लों आला. पॅरिसजवळच्या पासी इथे फ्रँकलिनच्या बागेत देस्लोंने जर्दाळूचे एक झाड ‘भारले’ आणि सुमारे बारा वर्षांच्या एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो मुलगा बेशुद्ध पडला. ते झाड भारलेले नव्हतेच. भारलेल्या झाडापर्यंत तो पोचलाही नव्हता. द्रव वगैरे काही नाही, घडते ते कल्पनाशक्तीमुळे, असा निष्कर्ष समितीने काढला. इतिहासाने त्याची नोंद मेस्मरचा पराभव अशी केली, आणि तो होताही. पण मुलगा पडला होता, हेही तितकेच खरे. द्रव खोटा ठरला तरी परिणाम खरा होता, आणि तो घडवणारी शक्ती देस्लोंच्या हातात नसून त्या मुलाच्या मनात होती.

संमोहनाबद्दलच्या पुढच्या सव्वादोनशे वर्षांच्या संशोधनाने ही गोष्ट पक्की केली. तरीही आपल्या डोक्यात संमोहनतज्ज्ञ म्हटले की रोखलेली नजर, हलणारा लोलक आणि समोरच्याला वश करणारा आवाजच येतो. रंगमंचावरच्या प्रयोगांनी आणि चित्रपटांनी ही प्रतिमा घट्ट केली आहे. या प्रतिमेतून दोन गैरसमज निघतात. पहिला असा, की तज्ज्ञाची शक्ती मोठी असली की काम होते. दुसरा जरा सुधारलेला: शक्ती वगैरे नाही, पण तज्ज्ञ प्रेमळ, आश्वासक, गोड बोलणारा असला की विश्वास बसतो आणि विश्वास बसला की काम होते. दुसरा समज पहिल्यापेक्षा सत्याच्या जवळ आहे, पण अर्धाच. संमोहनोपचारात नाते महत्त्वाचे असते, याला भक्कम पुरावा आहे. मात्र ते नाते जिव्हाळ्यापेक्षा स्पष्ट माहिती, एकत्र ठरवलेले उद्दिष्ट, क्लायंटच्या हाती दिलेले काम आणि पाळलेल्या मर्यादा यांवर उभे असते. हे घटक गळाले तर गोडवा निरुपयोगी ठरतो, कधीकधी अपायकारकही.

आधी क्लायंटच्या क्षमतेचे पाहू. स्टॅनफर्ड विद्यापीठात आन्द्रे वाइत्झेनहॉफर आणि अर्नेस्ट हिल्गार्ड यांनी १९५९ मध्ये संमोहनक्षमता मोजण्याची मापनश्रेणी तयार केली. ठरावीक शब्दांत बारा सूचना द्यायच्या, हात जड होतो आहे, डोळे मिटत आहेत अशा साध्या सूचनांपासून अवघड सूचनांपर्यंत, आणि व्यक्ती किती सूचनांना प्रतिसाद देते हे मोजायचे. बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात येतात. अगदी वरचे आणि अगदी खालचे थोडे. एका पाहणीत तीच माणसे पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्यांचे गुण आश्चर्य वाटावे इतके स्थिर आढळले. म्हणजे ही क्षमता बऱ्याच अंशी ज्याची त्याच्यापाशी असते आणि तिचा भोळेपणाशी किंवा दुबळ्या मनाशी संबंध नाही. ती केवळ ‘हो ला हो’ म्हणणेही नाही. पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रयोगात भाग घेणाऱ्यांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून, वेदना कमी किंवा जास्त त्रासदायक वाटेल अशा सूचना संमोहनात दिल्या आणि मेंदूचे पेट स्कॅन घेतले. पाणी तेवढेच गरम होते, पण वेदनेच्या त्रासदायकपणाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील हालचाल सूचनेनुसार बदलली.

यातून उपचारकाच्या कामाचे स्वरूपच बदलते. शक्ती समोरच्याची आहे, तर उपचारकाने करायचे काय? गड चढणाऱ्याचे पाय त्याचेच असतात. वाटाड्याचे काम वाट दाखवण्याचे, कुठे निसरडे आहे ते सांगण्याचे आणि चढणाऱ्याचा दम ओळखण्याचे. म्हणून चांगला उपचारक पहिल्या भेटीत डोळे मिटायला लावण्याची घाई करत नाही. ती भेट प्रश्नांची असते. लोक मनात भीती घेऊन आलेले असतात: माझी शुद्ध जाईल का, मी घरातले काही बोलून बसेन का, मध्येच तुम्ही उठून गेलात तर मी तसाच राहीन का. याची उत्तरे सरळ आहेत. संमोहनात बहुतेकांना आजूबाजूचे कळत असते, नको ते न बोलण्याची मुभा असते आणि उपचारक थांबला तर माणूस आपोआप भानावर येतो किंवा झोपी जाऊन उठतो. उत्तरे सरळ असली तरी ती न टाळता, न हसता देणे ही नात्याची पहिली पायरी आहे. ज्याचा प्रतिसाद कमी आहे त्याला ‘तुम्ही विरोध करता आहात’ असे म्हणणे ही पायरी मोडण्यासारखे आहे, कारण तो विरोध करत नसून त्याची क्षमता तेवढी असू शकते.

नात्याचा परिणाम किती, याचे मोजमापही झाले आहे. सिग्मंड फ्रॉइडने सुरुवातीच्या काळात संमोहन वापरले आणि पुढे सोडून दिले. त्यामागचे एक कारण त्याने स्वतः नोंदवले आहे: रुग्णाशी असलेले वैयक्तिक संबंध बिघडले की अत्यंत चमकदार सुधारणाही पुसली जात असे. आधुनिक पुरावा अधिक काटेकोर आहे. टेड कॅपचक आणि सहकाऱ्यांचा २००८ मधला प्रयोग इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या, म्हणजे पोटदुखी, पोट फुगणे, जुलाब किंवा बद्धकोष्ठता यांनी दीर्घकाळ त्रासलेल्या २६२ रुग्णांवर झाला. एका गटाला फक्त प्रतीक्षायादीत ठेवले. दुसऱ्याला खोटे अॅक्युपंक्चर, पण फार न बोलता. तिसऱ्याला तेच खोटे अॅक्युपंक्चर, मात्र उपचारकाने वेळ देऊन, मनापासून ऐकून, आपुलकीने बोलून. पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. सुई तीच, फरक नात्याचा. मानसोपचारांच्या एकूण क्षेत्रातही हेच दिसते: २०१८ मधल्या एका व्यापक विश्लेषणात जवळपास तीनशे अभ्यास एकत्र केले, तेव्हा उपचारक आणि क्लायंट यांच्यातील सहकार्य जितके चांगले तितका उपचाराचा परिणाम चांगला, असा मध्यम पण सातत्यपूर्ण संबंध आढळला. हे सहकार्य म्हणजे काय, हे एडवर्ड बॉर्डिन याने १९७९ मध्ये मांडले होते. त्याचे तीन भाग आहेत: कशासाठी आलो आहोत यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि परस्परांबद्दलचा विश्वास. जिव्हाळा या तिघांपैकी एक आहे. बाकीचे दोन व्यवहाराचे आहेत.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. कॅपचकच्या प्रयोगात खोट्या सुईनेही आराम पडला, तर संमोहनही प्लासिबोच, म्हणजे औषधी गुण नसलेला दिखाऊ उपचारच, म्हणायचे का? मायेने विचारपूस करणारा कोणीही चालेल, मग संमोहन कशाला? याचे उत्तर देणारे प्रयोग मुद्दाम रचले गेले आहेत. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथे गाय माँटगोमेरी यांनी २००७ मध्ये स्तनाच्या शस्त्रक्रियेला आलेल्या २०० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला शस्त्रक्रियेआधी मानसशास्त्रज्ञाने पंधरा मिनिटे संमोहन दिले. दुसऱ्या गटाचे म्हणणे मानसशास्त्रज्ञाने तेवढाच वेळ सहानुभूतीने ऐकून घेतले. वेळ तेवढाच, उपचारकाची शैक्षणिक पात्रता तीच. तरी संमोहनाच्या गटात वेदना, मळमळ आणि थकवा कमी होता, भुलीचे औषध कमी लागले आणि रुग्णालयाचा दर रुग्णामागे सुमारे ७७० डॉलर खर्च वाचला. एल्व्हिरा लँग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांवर नळी घालून केलेल्या प्रक्रियांचे २४१ रुग्ण होते. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात प्रक्रियेला सरासरी ७८ मिनिटे लागली, तर स्वसंमोहन शिकवलेल्या गटात ६१. शेजारी बसून आपुलकीने लक्ष देणारा मदतनीस असलेला गट या दोन्हींच्या मधे होता. म्हणजे आपुलकीला काही किंमत आहेच, पण ती तिथे संपत नाही.

यानंतरचा लँग यांचाच २००८ चा अभ्यास या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा आणि सर्वांत शिकवणारा आहे. गाठींवर त्वचेतून सुई किंवा नळी घालून उपचार घेणाऱ्या रुग्णांचे पुन्हा तीन गट होते: नेहमीची सेवा, सहानुभूतीपूर्ण लक्ष, आणि त्याबरोबर संमोहन. प्रक्रियेदरम्यान अनिष्ट घटना, उदाहरणार्थ रक्तदाब किंवा ऑक्सिजनची पातळी धोकादायक होणे, नेहमीच्या गटात २६ टक्के, संमोहन गटात १२ टक्के, आणि केवळ सहानुभूतीच्या गटात ४८ टक्के रुग्णांत घडल्या. सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने २०१ रुग्णांवर अभ्यास थांबवला. यावर एक पटण्याजोगे स्पष्टीकरण दिले जाते: प्रेमाने शेजारी बसलेला माणूस रुग्णाचे लक्ष स्वतःकडे आणि प्रसंगाकडे खेचतो, रुग्णाची स्वतःची तग धरण्याची रीत मोडतो, पण तिच्या जागी काही देत नाही. संमोहन देते: श्वासाकडे पाहा, नको तो विचार येऊन जाऊ द्या, मन अमुक ठिकाणी न्या. म्हणजे नात्यातून रुग्णाच्या हाती काम आले नाही, तर सोबत ओझे बनू शकते. लँग यांनीच २००५ मध्ये दाखवले होते, की सुई टोचण्याआधी ‘आता दुखेल’, ‘जरा झोंबेल’ असे सावध केले, तर वेदना आणि चिंता कमी होण्याऐवजी वाढतात, आणि नंतर ‘फार दुखले नाही ना’ असे विचारले, तर चिंता वाढते. आपल्या दवाखान्यांतले ‘थोडं दुखेल हं, घाबरू नका’ हे वाक्य काळजीपोटीच बोलले जाते. पण त्याच्या मध्यभागी ‘दुखेल’ आणि ‘घाबरू’ हेच दोन शब्द असतात. संमोहनोपचारकाने शिकायची भाषा याच्या उलट आहे: जे घडावे असे वाटते त्याचे नाव घ्यायचे आणि कशाकडे लक्ष द्यायचे ते सांगायचे.

ही भाषा तयार होते क्लायंटच्या बोलण्यातून. मँचेस्टरमध्ये पीटर व्हॉर्वेल यांनी १९८४ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोमवर आतड्याकेंद्री संमोहन वापरून दाखवले. ३० रुग्णांच्या त्या अभ्यासात मानसोपचाराच्या गटापेक्षा संमोहन गटात कितीतरी जास्त सुधारणा झाली. या पद्धतीत आतडे कसे काम करते ते रुग्णाला आधी समजावून सांगतात, मग पोटावर स्वतःचा हात ठेवून ऊब जाणवण्याची आणि आतड्याची लय शांत होण्याची सूचना देतात. अनेकदा वाहत्या नदीचे चित्र वापरतात. आता ज्याला पाण्याची भीती आहे त्याला ही नदी शांत करील का? कोकणातल्या माणसाला समुद्राची गाज शांत वाटेल, पुरात घर गेलेल्याला नाही. म्हणून सूचना देण्याआधी विचारायचे: तुम्हाला निवांत कुठे वाटते, दुखणे तुमच्या शब्दांत कसे असते, पोटात गोळा येतो की पिळवटते? मराठीत बोलणाऱ्याला त्याच्याच बोलीतले शब्द परत दिले की ते अनुवादित संहितेपेक्षा लवकर पोचतात. ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, ‘काका’ म्हणायचे की नाव घ्यायचे, हेही विचारून ठरवावे. सलगी उपचारकाच्या सोयीने होऊ नये. स्पर्शाचेही तसेच: गरज असेल तिथे आधी सांगून, परवानगी घेऊन, आणि नको म्हटल्यास विषय तिथेच संपवून.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. नेदरलँड्समध्ये ३५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच विकारावर गटात दिलेले संमोहन वैयक्तिक संमोहनापेक्षा कमी पडले नाही. एका खोलीत अनेक जण, प्रत्येकाशी वेगळे बोलणे नाही, मग नाते कुठे राहिले? पण हा आक्षेप नात्याला जवळीक समजतो. गटातही रुग्णाला आजाराचे तेच स्पष्टीकरण मिळते, उद्दिष्ट तेच, घरी करायचा सराव तोच, आणि आपल्यासारखेच इतर आहेत याचा दिलासा वरून मिळतो. बॉर्डिनच्या तीन भागांपैकी दोन तिथे पूर्ण असतात आणि तिसऱ्यासाठी एकांत लागतोच असे नाही. उलट हा अभ्यास मूळ मुद्दाच पुष्ट करतो: क्लायंट किती जवळ आला यापेक्षा त्याला आपले काम किती नीट कळले, हे जास्त मोलाचे आहे. म्हणूनच चांगल्या उपचारात ध्वनिमुद्रण आणि स्वसंमोहनाचा सराव सुरुवातीपासून असतो, म्हणजे क्लायंटला उपचारकाची गरज हळूहळू कमी होत जाते.

तिसरा आक्षेप अनुभवी उपचारकांकडून येतो: सगळे इतके उघड करून सांगितले, तर जादू निघून जाणार नाही का? थोडे गूढ ठेवलेले बरे. कॅपचक यांच्याच २०१० च्या अभ्यासाने या भीतीला उत्तर दिले आहे. त्यात रुग्णांना स्पष्ट सांगितले होते की या गोळीत औषध नाही, आणि अशा गोळीचा परिणाम का होऊ शकतो हेही समजावले होते. तरीही पुरेसा आराम मिळाल्याचे ५९ टक्क्यांनी सांगितले. गोळी न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. समजून घेऊन केलेली अपेक्षा फसवून निर्माण केलेल्या अपेक्षेपेक्षा कमकुवत नसते आणि ती उघडकीस येण्याची भीती नसते. याच प्रामाणिकपणात जाहिरातीची भाषाही येते. ‘एका बैठकीत सिगारेट सुटेल’ असे फलक दिसतात, पण उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या, धूम्रपान सोडण्याबाबतच्या कॉक्रेन समीक्षेला, २०१९ च्या आवृत्तीतही, संमोहन इतर आधारांपेक्षा सरस असल्याचा पुरेसा पुरावा मिळालेला नाही. वेदना, शस्त्रक्रियेआधीची चिंता आणि आतड्याचा वर सांगितलेला विकार यांबाबत मात्र पुरावा चांगला आहे. हा फरक पहिल्याच भेटीत सांगणारा उपचारक काही क्लायंट गमावेल, पण जे राहतील ते खोट्या आशेवर येणार नाहीत.

आता विश्वासाची काळी बाजू. मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांनी १९६५ मध्ये संमोहित लोकांना विषारी साप उचलायला आणि अॅसिडमध्ये हात घालायला सांगितले. दुखापत होऊ नये याची व्यवस्था गुपचूप केलेली होती. संमोहितांपैकी जवळजवळ सर्वांनी ते केले. पण संमोहित असल्याचे केवळ सोंग करणाऱ्यांनीही ते केले. प्रयोग करणारे जबाबदार शास्त्रज्ञ आहेत, ते आपल्याला इजा होऊ देणार नाहीत, असे दोघांनीही गृहीत धरले होते. धोका तंद्रीत नव्हता, विश्वासात होता. तो सर्वांत जास्त आठवणींच्या बाबतीत दिसतो. लॉरन्स आणि पेरी यांनी १९८३ मध्ये उच्च संमोहनक्षमतेच्या २७ जणांना संमोहनात सुचवले, की एका विशिष्ट रात्री मोठ्या आवाजाने तुम्हाला जाग आली होती. नंतर १३ जण हा प्रसंग खरोखर घडल्याचे सांगू लागले. काही जण तर तो सुचवला होता हे कळल्यावरही ठाम राहिले. निकोलस स्पॅनोस यांनी ‘पूर्वजन्मी’ नेलेल्या लोकांत असे पाहिले, की पूर्वजन्माविषयी आधी जे सांगितले जाते, त्याप्रमाणे सांगितल्या जाणाऱ्या कथा बदलतात.

मुंबई-पुण्यात ‘पास्ट लाइफ रिग्रेशन’च्या जाहिराती सर्रास दिसतात, म्हणून महाराष्ट्रातल्या उपचारकाला हा मुद्दा टाळता येणार नाही. पुनर्जन्माची कल्पना इथे घराघरांत परिचित असल्याने उपचारक आणि क्लायंट दोघेही न ठरवता एकाच कथेकडे सरकतात. ‘पण बरे वाटते ना, मग बिघडले काय?’ असा प्रश्न विचारला जातो. दिलासा खरा असू शकतो; तो कथेच्या सत्यतेचा पुरावा मात्र होत नाही. शिवाय कथा पूर्वजन्मातच राहतील असे नाही. याच जन्मातल्या काकांवर, सासूवर किंवा वडिलांवर संमोहनात ‘आठवलेला’ आरोप बसला, तर घरे मोडतात, आणि तो आरोप खरा असेल तर सूचनांनी डागाळलेली साक्ष पीडितेच्याच विरोधात जाते. उपचारकाने ‘तुला कोणी मारले?’ असे कधी विचारू नये. ‘आता काय जाणवते आहे?’ इतकेच विचारावे, आणि आठवण खणून काढणे हे आपले काम नाही, हे आधीच सांगावे.

मर्यादा पाळणे हे नात्याचे शेवटचे आणि सर्वांत कमी शिकवले जाणारे अंग आहे. पोटदुखीची तक्रार आली तर आधी डॉक्टरी तपासणी झाली आहे का हे पाहायचे. वजन घटत असेल, रक्त पडत असेल तर संमोहन थांबवायचे. भ्रम, आवाज ऐकू येणे, आत्महत्येचे विचार असल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे आणि पाठवल्यावर हात झटकायचे नाहीत. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. काही दिवसांच्या वर्गातून मिळालेले प्रमाणपत्र त्या नोंदणीची जागा घेत नाही, आणि ते कोणत्या प्रकारचे आहे हे क्लायंटला कळणे हा त्याचा हक्क आहे. प्रशिक्षण वर्गांमध्ये बराचसा वेळ डोळे मिटवण्याच्या आणि तंद्री खोल करण्याच्या तंत्रांवर जातो. पुराव्याचा कल पाहिला तर तो वेळ दुसरीकडे द्यायला हवा: उद्दिष्ट एकत्र कसे ठरवावे, अनिष्ट शब्द कसे टाळावेत, उत्तर सुचवणारा (अग्रसूचक) प्रश्न कसा ओळखावा, आणि प्रगती होत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या बैठकीत ते मोकळेपणाने कसे बोलावे. उपचार घेणाऱ्यानेही पैसे देण्याआधी चारच गोष्टी विचाराव्यात: माझ्या तक्रारीवर याचा पुरावा काय आहे, मी घरी काय करायचे, साधारण किती बैठका लागतील, आणि फरक पडला नाही तर पुढे काय. या प्रश्नांनी जो उपचारक दुखावतो, त्याच्याकडे कितीही मृदू आवाज असला तरी उठून यावे.